दिवाणी वाद घेऊन वकिलाकडे पहिल्यांदा जाताना

वकिलाच्या टेबलासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा आजोबांपासून सुरुवात करतो. कोणी कोणाला सांभाळलं, चुलता लग्नात काय बोलला, थोरल्याने आईकडे कसं दुर्लक्ष केलं. वकील मधेच थांबवून विचारतो, 'फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) कधी पडला?' उत्तर येतं, 'झाली असतील दोन-तीन-चार वर्षं.' तीन आणि चार यांच्यातल्या त्या एका वर्षात दावा मुदतीत राहतो किंवा मुदतीबाहेर जातो. मनातलं दुःख खरं असतं, ते बोलावंसं वाटणंही साहजिक आहे. पण सल्ला मिळतो तो तारखांवर आणि कागदांवर. त्या दोन गोष्टी घरूनच तयार करून नेल्या, तर पहिल्या अर्ध्या तासात जे कळतं ते एरवी चार फेऱ्यांत कळत नाही.

हा लेख महाराष्ट्रात जमीन, घर किंवा पैशाच्या वादात पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी आहे. भर जमिनीच्या वाटपावर आहे, कारण साधी माणसं सर्वांत जास्त तिथेच अडकतात.

आधी दार ओळखा

जमिनीचा वाद झाला की पाय आधी पोलीस ठाण्याकडे वळतात. तिथे 'हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे' असं सांगून समज दिली जाते, फार तर अदखलपात्र नोंद होते. पोलीस मालकी ठरवू शकत नाहीत. मारहाण झाली, धमकी दिली, खोटी सही केली तर तक्रार जरूर द्या. मात्र दबाव आणण्यासाठी वाढवून लिहिलेली तक्रार पुढे दिवाणी दाव्याच्या उलटतपासणीत तुमच्याच विरुद्ध वापरली जाते.

प्रत्येक वाद दिवाणी न्यायालयातलाच असतो असंही नाही. वहिवाटीचा शेतरस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जायचं, तेही अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. शेतात जायला मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३ लागतं. बांध कोरला असं वाटत असेल, तर आधी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणीची फी भरा. मोजणी नकाशाशिवाय अतिक्रमणाचा दावा उभाच राहत नाही. बिल्डरने ताबा दिला नाही तर महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगात मुदत २ वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. सोसायटीच्या कारभाराचे बरेचसे वाद सहकार न्यायालयात जातात. मुंबई आणि पुण्यात घरमालक-भाडेकरू वाद लघुवाद न्यायालयात चालतात.

म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं आणि तो आता विचारत नाही, अशा वेळी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहिलेली असेल तर ते रद्द होऊ शकतं. अट लिहिलेली नसेल तर काम अवघड होतं, म्हणून त्या कायद्याचं कलम २३ दाखवून वकिलाकडून तो दस्त शब्दन् शब्द वाचून घ्या.

मालकी, वाटप, मनाई हुकूम, साठेखताप्रमाणे (पुढे विक्री करण्याच्या कराराप्रमाणे) खरेदीखत करून मिळणं, उसनी रक्कम: हे सगळं दिवाणी न्यायालयाचं.

लोक सर्वांत जास्त वर्षं घालवतात ती महसूल आणि दिवाणी यांच्या गोंधळात. सातबारावरची नोंद ही मुळात महसूल वसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे. विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, इतकंच तिचं वजन. मालकी ती देत नाही आणि काढूनही घेत नाही. तरीही मंडळ अधिकारी, प्रांत, अपर जिल्हाधिकारी अशी फेरफाराची अपिलं आठ-दहा वर्षं लढवली जातात, आणि हक्काचा दावा मात्र कोणी दाखलच केलेला नसतो. फेरफाराविरुद्ध अपील करायचंच असेल तर प्रांताकडे ६० दिवसांत करा. पण ते चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबेल, असं धरून चालू नका. पहिल्याच भेटीत वकिलाला हे विचारा.

कागद: काय आणि कुठून

जमिनीच्या वादासाठी आजचा सातबारा पुरत नाही. वाद कुठून सुरू झाला ते जुने उतारे सांगतात. गोळा करायचे ते असे:

वादातल्या प्रत्येक गटाचा चालू सातबारा आणि खातेदाराचा ८अ (त्याच्या खात्याचा उतारा). महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे उतारे निघतात. ८अ मुळे त्या गावात त्याच नावावर आणखी कोणते गट आहेत ते कळतं, आणि वाटपाच्या दाव्यात एखादी जमीन विसरणं फार महागात पडतं.

सातबाऱ्यावर वर्तुळात दिसणारे सगळे फेरफार क्रमांक, आणि त्या प्रत्येक फेरफाराची पूर्ण नक्कल. नुसता क्रमांक पुरत नाही. फेरफारात कोणाच्या वर्दीवरून (कळवण्यावरून) नोंद झाली, नोटिसा कोणाला बजावल्या, मंजुरी कोणत्या तारखेला झाली हे असतं, आणि पुष्कळदा सगळा खेळ तिथेच उघडा पडतो. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. गट योजनेआधीचे सर्व्हे नंबर असतील तर जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ताही मागा.

नोंदणीकृत दस्त: खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र. हाताशी नसतील तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि वर्ष टाकून सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, इंडेक्स टू) शोधता येते. पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. शहरातल्या घरासाठी नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८. गोव्यातली मालमत्ता असेल तर सातबाराच्या जागी नमुना १ आणि १४ असतो, आणि तिथला वारसा कायदाही वेगळा आहे. त्यासाठी गोव्यातलाच वकील गाठा.

मृत्यूचे दाखले आणि वंशावळ. वंशावळीत लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या भावाची विधवा आणि मुलं, पहिल्या बायकोची मुलं, सगळे लिहा. एखादा वारस गाळला तर पुढे 'आवश्यक पक्षकार नाही' हा आक्षेप हमखास येतो, आणि चार वर्षं चाललेला दावा पुन्हा नोटिसा बजावण्यापाशी येतो.

पैशाच्या वादात बँकेचं खाते विवरण, चेकची प्रत, चिठ्ठ्या, आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं. नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात अशा पुराव्याबरोबर कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ फोन हाताशी असला की ही अट पुरी करणं सोपं जातं.

मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका. झेरॉक्सचे दोन संच करा, एक द्या, एक घरी ठेवा. मूळ कागद कोर्टात हजर करायचा झाला, तर कोणता कागद कोणत्या तारखेला दिला ते वहीत लिहून समोरच्याची सही घ्या. हे मागताना संकोच वाटतो, पण चांगल्या वकिलाला यात वावगं वाटत नाही.

एक पान लिहून न्या

डावीकडे तारीख, उजवीकडे घटना, शेवटी त्याचा कागद आहे की नाही. बस. एका कागदाच्या दोन्ही बाजूंत मावलं पाहिजे. बहिणीच्या हिस्स्याचा नेहमी दिसणारा प्रकार घेतला तर ते पान असं दिसेल:

१४ मे २०११: वडील वारले. मृत्यूचा दाखला आहे.
ऑगस्ट २०११: वारस फेरफार, फक्त दोन भावांची नावं. नक्कल आहे. बहिणीला नोटीस मिळाली नाही.
२०१६ (महिना आठवत नाही): तलाठ्याकडे बहिणीची एका कागदावर सही घेतली. कागद हाताशी नाही.
२२ जून २०२३: थोरल्या भावाने गटातली ८० आर जमीन विकली. सूची दोन आहे.
दिवाळी २०२३: बहिणीला विक्री कळली. कळल्याचा पुरावा: भाचीचा मेसेज.

या पाच ओळींत वकिलाला जवळपास सगळं मिळतं. २०११ साली वडील वारले म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की मुलीला हा हक्क जन्माने मिळतो. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार आणि वाटण्या यामुळे उघडल्या जात नाहीत. २०१६ च्या सहीचा कागद काय आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तलाठ्यापुढे साध्या कागदावर किंवा नोटरीच्या शिक्क्यावर 'मला हिस्सा नको' लिहून दिलं तरी जमिनीतला हक्क संपत नाही. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. पण तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला निघाला, तर सगळं चित्र पालटतं. म्हणून तारीख आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा. अंदाजाने घातलेली तारीख दावापत्रात उतरते, आणि साक्षीच्या दिवशी समोरचा वकील तीच धरतो.

मुदती

मुदत कायदा, १९६३ मधले काही आकडे प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. उसन्या पैशाची मुदत ३ वर्षं, आणि लेखी परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर ती पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. मागितल्यापासून मोजत नाहीत. 'आज देतो, उद्या देतो' ऐकत लोक चौथ्या वर्षी येतात आणि हळहळतात. यावर तोड एकच: ३ वर्षं संपायच्या आत समोरच्याकडून 'इतके देणं बाकी आहे' अशी सहीची चिठ्ठी घ्या. त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावर घेतलेल्या चिठ्ठीला हा फायदा नाही. थोडी रक्कम परत आली असेल तर ती बँकेतून आलेली बरी, तिचा लेखी माग राहतो. चेक न वटता परत आला तर वेळ आणखीच कमी: बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार.

साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मागण्याचा दावा ३ वर्षांत: करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. दस्त फसवून करून घेतला असेल तर तो रद्द करायला, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून डावललं जात असल्याचं कळल्यापासून हिस्स्यासाठी १२ वर्षं. मालकी हक्कावर ताबा परत मागायलाही १२ वर्षं.

एक लहान मुदत कोणाला सहसा माहीत नसते. तुम्हाला जबरदस्तीने ताब्यातून हुसकलं असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ६ महिन्यांत दावा करता येतो, आणि त्यात मालकी सिद्ध करण्याची गरजच नसते. ताबा तुमचा होता आणि बेकायदा काढून घेतला एवढंच दाखवायचं. सरकारविरुद्ध हा मार्ग चालत नाही. कागदपत्रं कच्ची असलेल्या वहिवाटदाराला याचा फार उपयोग आहे, आणि पंचांकडे खेटे घालण्यात हेच सहा महिने निघून जातात.

सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्यावर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन २ महिने थांबावं लागतं. उद्याच बुलडोझर येणार असेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवायही दावा लावता येतो.

वकील आणि फी

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे माहिती तोंडोतोंडीच मिळते. ज्या तालुक्यात जमीन आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात रोज उभा राहणारा वकील हवा, कारण दावा तिथेच चालणार आहे. कोर्टाच्या आवारात सकाळी साडेदहा-अकराला जाऊन बसा. कोण जमिनीची कामं करतं ते स्टॅम्पव्हेंडर आणि टंकलेखक सांगतील. मात्र 'साहेबांशी ओळख आहे' म्हणणाऱ्या माणसाबरोबर कुठेही जाऊ नका.

फी ठरवताना तुकडे वेगळे करून विचारा: सल्ल्याचे किती, नोटिशीचे किती, दावा तयार करण्याचे किती, दर तारखेचे किती की एकरकमी, आणि अपील त्यात धरलंय का. यापलीकडे कोर्ट फी, नकला, समन्सचा खर्च, कोर्ट कमिशनर नेमला तर त्याची फी, मोजणीची फी हे सगळं वेगळं. दावा जिंकल्यावर जमिनीत हिस्सा किंवा रकमेत टक्केवारी असा करार वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. असा प्रस्ताव आला तर दुसरा वकील बघा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या काही वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, ऑक्टोबर १९९४ पासून. बहीण वादी असेल तर हा मुद्दा पहिल्याच दिवशी काढा.

फुकट वकील मिळण्याचा हक्क लोकांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुका न्यायालयात तालुका समितीचं कार्यालय असतं. अर्ज, ओळखपत्र, लागत असल्यास उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, आणि वादाच्या कागदांचा एक संच न्या. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. नेमून दिलेल्या वकिलाने पैसे मागितले तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करा. त्याची फी प्राधिकरण देतं. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील ही समजूत सोडून द्या. या यादीत अनुभवी वकीलही असतात, आणि काम पटत नसेल तर बदलून मागता येतो.

भेटीत

वकिलाला वाईट गोष्ट आधी सांगा. तुम्ही कधी कुठे सही केली, पैसे घेतले, जुना दावा हरलात, गावच्या बैठकीत काय कबूल केलं. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, हे कायद्याने बांधलेलं आहे. लपवलेली गोष्ट समोरच्या पक्षाकडून येते, बहुधा मनाई अर्जाच्या सुनावणीत, आणि ज्याने सत्य दडवलं त्याला कोर्ट मनाई देत नाही. वाटपाच्या दाव्यात एका बाजूने जुनं तोंडी वाटप नाकारायचं आणि दुसरीकडे त्याच वाटपाप्रमाणे विहीर खणायला कर्ज काढायचं, अशी विसंगती कर्जाच्या कागदावरच पकडली जाते.

मग हे विचारा, आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. माझी मुदत कोणत्या तारखेला संपते? कोणत्या कोर्टात, कोणती मागणी करायची? मला नेमकं काय सिद्ध करावं लागेल आणि त्यातलं काय आज हातात नाही? समोरच्याची सर्वांत मजबूत बाजू कोणती? तडजोड झाली तर वाजवी काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं टाळून 'काळजी करू नका, आपण जिंकणार' एवढंच म्हणणाऱ्याकडून सल्ला मिळालेला नाही असं समजा. अशा वेळी दुसऱ्या वकिलाचं मत जरूर घ्या. मोठ्या वादात एका जादा सल्ल्याची फी परवडते.

वकीलपत्र वाचूनच सही करा. तडजोड करण्याचा, दावा मागे घेण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्यात लिहिलेला असतो; नको असेल तो भाग सांगून काढून घ्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर कधीही सही नको. मधेच वकील बदलायचा झाला तर फी बाकी आहे म्हणून तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं आहे. वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात मात्र जाता येत नाही, हा मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची.

नोटीस किंवा समन्स तुमच्याकडे आलं तर

नोटीस घ्या. पाकिटासकट जपा, पाकिटावरचा शिक्काच तुम्हाला ती कधी मिळाली ते सांगतो. उत्तर न दिल्याने कोणी हरत नाही, पण पुढे 'नोटिशीला उत्तर दिलं नाही' असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. स्वतःहून फोन करून भांडू नका, फोन रेकॉर्ड होतो.

समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असंच कोर्ट धरतं, आणि मग एकतर्फी आदेश होतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची असते. कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळते, त्यापुढे अपवादानेच. एकतर्फी हुकूमनामा झालाच तर तो रद्द करून घ्यायला ३० दिवस. समोरचा माणूस कोर्टात जाऊन तुमच्या पाठीमागे मनाई आणेल अशी धास्ती असेल, तर आधीच कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा अर्ज) दाखल करा. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा द्यावं लागतं, आणि हे दुसऱ्यांदा देणं बरेच जण विसरतात.

दावा लागल्यावर

दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला जातो, आपल्याकडे त्याला निशाणी ५ म्हणतात. कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी तुमची बाजू आहे का, मनाई न दिल्यास जास्त गैरसोय कोणाची, आणि होणारं नुकसान पैशाने भरून निघण्यासारखं आहे का. म्हणून निशाणी ५ साठी चालू पिकाचे फोटो, पीकपाहणी, वीजबिल, पाणीपट्टीची पावती असे ताब्याचे ताजे पुरावे लागतात. पणजोबांच्या काळचे उतारे इथे फारसे कामाचे नाहीत.

दावा चालू असताना जमीन विकली जाऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची वेगळी तरतूद आहे. ती नोंदवली नाही तर मधे जमीन घेणारा 'मला दाव्याची माहिती नव्हती' असं म्हणू शकतो. 'लिस पेंडन्सची (चालू दाव्याची) नोंद करायची का?' एवढं वकिलाला विचारा. हे काम सहज राहून जातं.

दाव्याला १६ अक्षरं-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश मोबाइलवर दिसतात. तारीख वकिलाला विचारायचीच, पण स्वतःही बघायची. वकील आणि पक्षकार दोघंही गैरहजर राहिल्याने दावा निकाली निघाला, तर तो पुन्हा लावायला ३० दिवस मिळतात.

वाटपाचा निकाल तुमच्या बाजूने लागला म्हणजे जमीन हातात आली असं होत नाही. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात: कोणाला एक तृतीयांश, कोणाला एक षष्ठांश. शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मोजणी होते, मग ताबा. त्यासाठी वेगळी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते. निकालाचे पेढे वाटून लोक घरी बसतात, आणि जमीन पूर्वीच्याच माणसाच्या हाती राहते. निकालाच्या दिवशीच दोन कामं करा: नकलेसाठी अर्ज, आणि पुढच्या टप्प्याची तारीख वकिलाकडून लेखी. हरलात तर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस आहेत. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज लगेच केला असेल तरच त्याचा खरा उपयोग.

तडजोड करताना

भावाबहिणींच्या वादात तडजोड हा बहुतेक वेळा सर्वांत चांगला निकाल असतो, हे आमचं स्पष्ट मत आहे. वाटप सगळ्यांच्या संमतीने होत असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडेही करून घेता येतं. दावा चालू असेल तर लोकअदालत. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हणूनच सही करण्याआधी मसुदा घरी नेऊन वाचा. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, शेतात जायचा रस्ता, झाडं, कर्जाचा बोजा कोणी फेडायचा, आणि ताबा कोणत्या तारखेला द्यायचा हे सगळं त्यात हवं. दाव्यात नसलेली एखादी जमीन तडजोडीत घातली असेल, तर त्या भागाची नोंदणी करून घ्यावी लागते. 'पूर्वीच्या वहिवाटीप्रमाणे' हे शब्द कुठेही राहू देऊ नका. त्याचा अर्थ प्रत्येक भाऊ वेगळा सांगतो, म्हणून त्या जागी रस्त्याची रुंदी फुटांत आणि पाण्याचे वार नावानिशी लिहून घ्या.